चिठ्ठीत न आलेलं औषध

शिलाईवाली तशी दुसऱ्याच्या ताटात डोकावणारी नव्हती. शेजारणीने नवं मशीन घेतलं तेव्हा त्यात पहिला दोरा हिनेच हौसेने ओवून दिला होता. पण तिच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, मनीच्या मेंदूत गाठ निघाली, आणि हेवा म्हणजे काय ते तिला कळलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. "किरणांचा शेक सगळ्याच मुलांना मिळणार. निम्म्यांना सोबत एक नवं औषध देऊ. त्याने गुण येतो की नुसताच त्रास होतो, हे आम्हालाही ठाऊक नाही, तेच तपासायचंय. कुणाला द्यायचं ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार."

शिलाईवालीने सही केली. मनीच्या वाट्याला नुसता शेक आला. त्याच दिवशी आलेल्या मास्तरीणबाईंच्या लेकीला मात्र औषधही मिळालं.

रोज सकाळी दोघी आया एकाच बाकावर बसायच्या. शेकाच्या तासभर आधी मास्तरीणबाई डबीतून कॅप्सूल काढून लेकीला द्यायच्या. शिलाईवालीची नजर त्या डबीवरून हलायची नाही. ती पोर हसली की हिला वाटे, औषधाचा गुण. मनी चालताना अडखळली की वाटे, औषध नाही म्हणूनच.

"अगं, ते औषध चांगलं की वाईट, अजून कुणालाच माहीत नाही," नवरा म्हणाला.

"मग तिलाच का मिळालं?"



तिसऱ्या आठवड्यात मास्तरीणबाई लेकीला आत न्यायला उठल्या. "ताई, पिशवीकडे जरा लक्ष ठेवा हं." शिलाईवालीने लक्ष ठेवलं, आणि डबीतली एक कॅप्सूल रुमालात बांधली.

घरी मनीसमोर पाण्याचा पेला ठेवला, आणि तिचा हात थबकला. दोनदा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारी बाई ती! ही गोळी दुसऱ्या पोरीच्या वजनाला बेतलेली. मनीला झेपली नाही तर? तिने रुमालाची गाठ पुन्हा मारली.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई नर्सच्या टेबलाशी रडत होत्या. मोजणीत एक कॅप्सूल कमी भरली होती. "मी चुकून दोनदा तर नाही ना दिली?" रक्त तपासेपर्यंत पोरीचं औषध थांबणार होतं.

"मी घेतली," शिलाईवाली म्हणाली आणि रुमाल सोडला. "मनीला दिली नाही."

मास्तरीणबाई गर्रकन तिच्याकडे वळल्या. "माझा हेवा वाटला तुम्हाला? माझी पोर खाल्लेलं सगळं ओकते. तुमची मनी डबा चाटूनपुसून खाते, तेव्हा मला तोंड फिरवावं लागतं!" त्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. डॉक्टरीणबाईंनी हिला चांगलंच फैलावर घेतलं, सगळं कागदावर लिहिलं. मनीचा शेक मात्र चालू ठेवला.

तीन महिन्यांनी स्कॅन झाले. दोघींच्याही गाठी आक्रसल्या होत्या.

"दोन मुलींवरून काही ठरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेकडो मुलं बघावी लागतील. वर्षं जातील."

बाहेर मास्तरीणबाई इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच बोलल्या. "मनीची कितीने कमी झाली?"

"तीन मिलिमीटर. तुमच्या लेकीची?"

"पाच."

"बरं झालं हो," शिलाईवाली म्हणाली. ते तिच्या मनातलंच होतं. तरी मनीचा हात धरून जिना उतरताना प्रत्येक पायरीला ते वरचे दोन मिलिमीटर तिच्या छातीत टोचत राहिले.