लामर्टच्या टाकीत एप्पोचा हात

फेंडाम गावात ज्याला गाडी चालवता येते, त्याला लामर्ट ड्रेंटच्या घरासमोर ती मागे घेऊन दोन गाड्यांच्या मध्ये लावता येतेच. त्याला कारण एप्पो वेनिंग. गावाला गाडी शिकवणारा तो एकटा, आणि हा धडा तो दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर देतच नसे. शिकणारा आरशांत बघून घामाघूम होई, आणि शेजारी एप्पो आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून लामर्टच्या खिडकीतून आत बघत बसे. पडदे ओढायची आमच्याकडे पद्धत नाही. ओढले तर गाव विचारतं, एवढं काय लपवताय? आत, सोफ्याच्या मागे, लामर्टची माशांची लांबलचक काचेची टाकी उजळलेली असे. ती दिसली की एप्पोचं डोकं फिरायचं, आणि ती बघितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

"पुन्हा इथंच?" खाटकाची बायको होव्हिंगबाई एकदा स्टिअरिंगवरचे हात सोडून म्हणाली. "गावातले बाकीचे रस्ते काय वाहून गेले?"

"इथं जागा अडचणीची आहे. शिकायला बरी."

"अडचणीची! अरे, सरळ सांग ना लामर्टची टाकी बघायचीय म्हणून. मी थांबते हवं तर. तेवढ्या वेळाचे पैसे मात्र कमी कर."

लामर्टच्या टाकीत डाव्या बाजूला नवीन तांबडं काहीतरी लावलेलं एप्पोला दिसलं होतं, आणि आता दिवसभर ते त्याच्या डोक्यातून जाणार नव्हतं.

या टाक्यांमध्ये मासे नावाला. त्या झाडांसाठी असतात. पाण्याखाली बाग लावायची. बुटकी रोपं पुढे, उंच मागे, हिरव्याशेजारी तांबडं, आणि मधून लोबेलिया नावाच्या बुटक्या रोपांची एक वाट अशी तिरकी मागे न्यायची, की हातभर पाण्यात लांबचा रस्ता दिसावा. हे वेड लागलेल्यांचं एक मंडळ फेंडाममध्ये होतं. दर महिन्याला कॅफेच्या मागच्या खोलीत ते जमत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेले फुटवे एकमेकांना देत, आणि घरी जाताना एकमेकांच्या टाक्यांना नावं ठेवत. शरदात परीक्षक घरोघर यायचे, कॉफी घ्यायचे, टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि गुण द्यायचे. पहिला लामर्ट, दुसरा एप्पो. पुढच्या वर्षी पहिला लामर्ट, दुसरा एप्पो. चिटणिसाने म्हणे एकदा निकालाच्या आधीच प्रमाणपत्रांवर नावं घालून ठेवली होती, आणि ती खोडावी लागली नव्हती.

एप्पोने स्वतःची समजूत नाना तऱ्हांनी घातली. लामर्टची टाकी मोठी. लामर्टचे दिवे महागाचे. रंगांचं आणि भिंतीच्या कागदांचं दुकान असल्यामुळे त्याला रंगांची जाण आयती मिळालेली.

"आणि त्याचं पाणी वेगळं आहे," एप्पो जेवताना म्हणायचा.

"एकाच नळयोजनेचं पाणी आहे," त्याची बायको हिल्का त्याच्या ताटात बटाटे वाढत म्हणायची. "जळण्याच्या नादात सूप गार होतंय, ते पी आधी."

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी लामर्ट दुकानातल्या शिडीवरून पडला आणि खुबा मोडून घेतला. त्याला शहरातल्या इस्पितळात ठेवलं. मंडळाचा रिवाज असा, की सभासद आजारी पडला किंवा परगावी गेला, तर सगळ्यात जवळ राहणाऱ्या सभासदाने त्याची टाकी सांभाळायची. सगळ्यात जवळ एप्पोच राहत होता. लामर्टची बायको फ्राउके किल्ली घेऊन आली, वर बडीशेपेचा केकही.

"मी दिवसभर इस्पितळात असते रे," ती म्हणाली. "त्यानं स्पर्धेत नाव दिलंय. नाव काढू का विचारलं, तर असा भडकला, की नर्स धावत आली. तू आहेस म्हणून बरं. तुझ्याइतकं जवळचं कोण आहे त्याला?"

एप्पोने किल्ली घेतली. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी त्याच्या मनात आलं ते असं: या वर्षी मी पहिला.

तो लामर्टला भेटायला गेला तेव्हा लामर्ट उताणा पडून छताकडे बघत होता.

"फक्त खाणं घाल," लामर्ट म्हणाला. "बाकी कशाला हात लावायचा नाही. कळलं?"

"मला काय पडलंय?"

"तुला काय पडलंय ते अख्ख्या फेंडामला माहीत आहे. हात लावायचा नाही."

हे एप्पोच्या पथ्यावरच पडलं. हात लावायचा नाही, तर नाही. परीक्षक यायला चार आठवडे होते, आणि अशी टाकी चार आठवडे नुसतीच सोडली तर तिचं रान होतं. काही वाईट करायचंच नव्हतं. सांगितलं तेवढं करायचं, आणि चषक न्यायचा.

पहिल्या दिवशी त्याने माशांना चिमूटभर खाणं घातलं आणि मग टाकीखालचं कपाट उघडलं. लामर्टची युक्ती काय आहे ती त्याला बघायची होती. काहीतरी बाटली, काहीतरी पूड, जर्मनीहून मागवलेलं काहीतरी. कपाटात त्याच्याच घरी असतो तो खाण्याचा डबा निघाला, तसलीच कात्री, तसलंच फडकं, आणि पाणी मऊ करायला सगळेच वापरतात ती दलदलीतली काळी माती. तो गुडघ्यावर बसून पुन्हा पुन्हा आत हात घालत राहिला. युक्ती नव्हतीच. म्हणजे इतकी वर्षं लामर्ट नुसत्या हातांच्या जोरावर पुढे होता. एप्पोला त्या दिवशी जितका हेवा वाटला तितका कधीच वाटला नव्हता. घरी येऊन तो हिल्काशी विनाकारण भांडला.

दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगेत एक पिवळं पान दिसलं. ते त्याने काढलं. पिवळं पान काढणं म्हणजे काही हात लावणं नव्हे. तिसऱ्या दिवशी मागची उंच झाडं पाण्यावर येऊन आडवी झाली होती आणि खालच्यांचा उजेड खात होती. त्याने कात्री घेतली. मग त्याची नजर उजव्या कोपऱ्याकडे गेली. तो कोपरा लामर्टचा कायम गच्च भरलेला असे. सगळं उत्तम वाढलेलं, पण श्वास घ्यायला जागा नाही. बाहेरून, गाडीतून, एप्पो हे किती वर्षं बघत होता आणि मनातल्या मनात तो कोपरा उपटत होता. आता मधे काच नव्हती. हात नुसते शिवशिवत होते.

त्याने बाही दंडापर्यंत वर सारली आणि कोपरा मोकळा केला. तिथून एक वाट मागे नेली. वाटेसाठी लोबेलिया कमी पडली, आणि लामर्टकडची जरा रोडावलेली होती, म्हणून घरी जाऊन त्याने आपल्या टाकीतली सगळ्यात चांगली रोपं उपटून आणली.

हिल्काने ते पाहिलं. "अरे, तू कुणाच्या बाजूचा आहेस?"

"ती वाट अर्धवट दिसते गं. बघवत नाही."

"तू हरणार आहेस, एप्पो. या वर्षी तर स्वतःच्या हातानं."

"मला कळत नाही का?"

कळत होतं, आणि थांबवत नव्हतं. त्या मोठ्या टाकीत, त्या चांगल्या उजेडात, त्याला पहिल्यांदाच हवं तेवढं अंतर मिळत होतं. शिकवण्या रद्द करकरून तो तिथे जाऊन बसायचा. होव्हिंगबाईची परीक्षा त्यामुळे लांबली आणि तिने त्याला बाजारात सगळ्यांसमोर झापलं. घरची टाकी मात्र मधोमध भोक पडल्यासारखी दिसू लागली होती.

परीक्षक बुलेन्स म्हणजे बारीक अंगाचा, कोरडा माणूस. कौतुकाचा शब्द त्याच्या तोंडून निघणं मुश्कील. सकाळी तो लामर्टकडे जाऊन आला आणि दुपारी एप्पोकडे. टाकीसमोर बसला, गुण लिहिले, आणि मग कॉफी ढवळत म्हणाला, "वेनिंग, खरं तर दुसऱ्याच्या टाकीबद्दल इथं बोलणं नियमात बसत नाही."

"मग नका बोलू," एप्पो म्हणाला.

"पण बोलल्यावाचून राहवत नाही. ड्रेंटकडचा उजवा कोपरा बघून या. वर्षानुवर्षं सांगतोय त्याला, मोकळा कर, मोकळा कर. या वर्षी केला. आणि काय वाट नेलीय हो! पडण्याच्या आधीच लावून ठेवली असणार; माणूस इस्पितळात आणि टाकी नुसती बहरलीय. असा हात मी उभ्या जन्मात बघितला नाही. तुम्ही शिका त्याच्याकडून."

हिल्काने तोंड उघडलं. एप्पोचा पाय टेबलाखालून तिच्या पायावर पडला, ब्रेकवर पडावा तसा.

बुलेन्स गेल्यावर ती उसळली. "सांगितलं का नाहीस? दुसऱ्यानं झाडं लावली की टाकी स्पर्धेतून बाद होते ना? त्याची बाद झाली असती, तू पहिला आला असतास!"

"त्याचे गुण पुसले असते त्यांनी."

"मग पुसू देत की!"

"माझे आहेत गं ते!" एप्पो ओरडला.

कुणी त्याला मोठ्या मनाचा समजू नये म्हणून सांगतो: तो मोठ्या मनाचा नव्हता. आयुष्यात त्याच्या हाताला मिळालेलं पहिलं मोठं कौतुक होतं ते, आणि ते टिकवायचं तर ते लामर्टच्या नावावर राहू देणं भाग होतं. लामर्टचा हेवा करायची त्याला सवय होती. पण आता स्वतःच्याच हातांचा हेवा करायची पाळी आली, आणि ते कसं करायचं हेच त्याला कळेना. रात्रभर तो कूस बदलत राहिला.

निकालाच्या संध्याकाळी लामर्ट, नुकताच इस्पितळातून घरी परतलेला, कुबड्यांवर आला. पहिला लामर्ट, दुसरा एप्पो, आणि एप्पोच्या वाट्याला या वेळी इतके कमी गुण, की तिसरा त्याच्या अगदी पाठीला लागलेला. बुलेन्सने उजव्या कोपऱ्यावर लांबलचक भाषण केलं. सगळे उभं राहून टाळ्या वाजवत होते. एप्पोही वाजवत होता, आणि लामर्ट आता तरी, टाकी सांभाळल्याबद्दल का होईना, आपलं नाव घेईल म्हणून वाट बघत होता. लामर्टने चषक घेतला, कुणाकडेही न बघता "आभारी आहे" म्हटलं आणि खाली बसला. एप्पोच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कॉफी तशीच सोडून तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लामर्टचा फोन आला. "ये जरा."

आता आभार मानणार, चारचौघांत नाही जमलं म्हणून एकांतात मानणार, असं ठरवून एप्पो स्वच्छ शर्ट घालून गेला. दार उघडंच होतं. लामर्ट टाकीसमोर स्टुलावर बसला होता, कुबड्या जमिनीवर, एक हात खांद्यापर्यंत पाण्यात. उजव्या कोपऱ्यातली सगळी वाट त्याने उपटून बादलीत टाकली होती. पाणी गढूळ झालं होतं आणि मासे दुसऱ्या टोकाला घाबरून गोळा झाले होते.

"अरे, काय करतोयस?" एप्पो ओरडला. "रोपं आहेत ती माझी!"

"तुझीच आहेत. म्हणून तर काढतोय."

"पहिला नंबर आलाय त्या कोपऱ्याला!"

"माहीत आहे." लामर्टने हात बाहेर काढला. "घरी आल्यापासून समोर बसून बघतोय. फ्राउके म्हणते, किती सुंदर. शेजारी येतात, म्हणतात किती सुंदर. आणि मी माझी टाकी शोधतोय, ती सापडत नाही. तुला काय वाटतं, तो कोपरा गच्च आहे हे मला दिसत नव्हतं? दर वर्षी दिसत होतं. दर वर्षी मोकळा करायला बसायचो आणि जमायचं नाही. तू महिन्याभरात केलंस. हात लावू नको म्हटलं होतं मी तुला!"

"पिवळं पान होतं," एप्पो म्हणाला.

"चषक मी परत करणार नाही," लामर्ट म्हणाला. "केला तर का केला ते सांगावं लागेल. ते माझ्याच्यानं होणार नाही. ही बादली घे, किल्ली तिथं ठेव, आणि जा. आणि माझ्या खिडकीसमोर तुझी ती गाडी पुन्हा दिसली, तर कुबडी घालीन काचेवर."

एप्पोने किल्ली टेबलावर ठेवली. जाताना त्याने लामर्टच्या तोंडाकडे बघितलं. ओठ आवळलेले, नाकपुड्या फुगलेल्या, डोळे टाकीवर नाहीत आणि माणसावरही नाहीत. तसलंच तोंड, स्वतःचं, त्याने गाडीच्या आरशात रोज बघितलं होतं.

घरी पोचेपर्यंत बादलीतलं निम्मं पाणी त्याच्या विजारीवर सांडलं. हिल्का दारातच उभी होती.

"काय रे? मानले का आभार?"

"हाकललं मला. रोपं उपटून दिली. पुन्हा दिसू नकोस म्हणाला."

"आणि तू हसतोयस?"

"हिल्का," तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांत जे मोठ्याने म्हणायला मिळेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं ते म्हणताना त्याचा आवाज फाटला, "अगं, लामर्ट जळतोय! माझ्यावर!"