मखमल म्हणजे साखर

टेमघरला आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनी बोलण्याआधी समोरच्याच्या कपड्याला हात लावायच्या. माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत चोळून म्हणायच्या, "सुती न्हाय ही, मिक्स हाय." त्यांचे मिस्टर कापड विणायच्या लूमवर कामाला होते. ते आणायचे त्या चिंध्या खळ लावून वहिनी रिकाम्या डब्यांवर चिकटवायच्या. त्यांच्या घरात उघडा पत्रा म्हणून दिसायचा नाही. मला त्याचं हसू यायचं.

घरोघरी नुकते मोबाईल येत होते, त्या सुमारास माझ्या आईची नजर गेली. एकदा तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि मी चिडून म्हणाले, "आता तू ओट्याकडे येऊच नकोस." तेव्हापासून आई दिवसभर खाटेवर बसून राहायची. वहिनींनी ते पाहिलं आणि एक दिवस आमचे तीन डबे मागून नेले.

चार दिवसांनी त्यांनी डबे परत आणले. आईचा हात धरून एकेका डब्यावर ठेवला. "मावशी, मऊ मखमल ती साखर. खरखरीत गोणपाट ते मीठ. ही जरीची किनार, ती चहापूड."

आई ओट्याकडे निघाली तशी मी उठले. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"बस गं. त्यांना करू दे."

पहिला कप आईने वहिनींना दिला. "साखर बरोबर हाय का?"

वहिनींनी सावकाश घोट घेतला. "अजून अर्धा कप हाय का, मावशी?"

आईने पातेलं चाचपून उरलेला सगळा चहा त्यांनाच दिला. मला उरला नाही, आणि मी मागितलाही नाही.