सांधा कापून बघणारी यमुनाक्का

आमच्या कानडी मुलखातल्या शहरात, लॅमिंग्टन रोडला लागून असलेल्या एका बोळात माझं सायकलचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याला कुठली सायकल लागणार हे मला त्याच्याआधी कळतं, अशी चाळीस वर्षं माझी समजूत होती. ती समजूत यमुनानं खोटी ठरवली.

यमुनाची उंची चार फुटांना दोन बोटं कमी, वय चौतीस. अळणावरजवळच्या खेड्यातली, मजुरी करणाऱ्या घरातली. तारिहाळच्या एका कारखान्यात फ्रिजच्या तांब्याच्या नळ्या गॅसच्या ज्योतीनं जोडायचं काम ती आठ वर्षं करते आहे आणि नवनगरात एका खोलीत भाड्यानं राहते. पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मी तिला लहान मुलीची सायकल काढून दिली. गुलाबी रंग, हँडलला झिरमिळ्या, चेनच्या झाकणावर ससा. "बसेल की तुला," म्हणालो. बसली तिला. त्यापलीकडे विचार करायची मला गरज वाटली नाही, आणि हे सांगताना मला आजही लाज वाटते.

वर्षभरानं ती सायकल रिक्षात टाकून आली. स्पीडब्रेकरवर पुढची नळी सांध्यातून तुटली होती आणि हिचं कोपर सोलवटलं होतं. मी दुसरी दाखवायला लागलो.

"ही पण पोरांचीच न्हवं?" ती म्हणाली. "पोरांच्या वजनाची. मला बाईची पायजे, अण्णा."

"तुझ्या मापाची बाईची सायकल कुणी करत नाही."

"का?"

"खपत नाही म्हणून."

ती वर टांगलेल्या काळ्या मोठ्या सायकलीकडे बघत राहिली. मग विचारलं, "ह्या नळ्या एकमेकींना कशानं धरल्यात?"

"वेल्डिंगनं."

"न्हाई. वेल्डिंगची शिवण दिसती. इथं काय दिसतच न्हाई की."

मला राग आला. माझ्या दुकानात येऊन मलाच शिकवते! पण ती तिथून हलेना. शेवटी मागच्या भंगारातली एक जुनी फ्रेम तिनं मागून घेतली, दुकानासमोरच बसून करवतीनं सांधा उभा कापला आणि मला हाक मारली. नळीवर पोलादाची एक बाही चढवलेली होती आणि दोघींच्या मधे केसाएवढी पिवळी रेघ. पितळ! चाळीस वर्षांत मी हजारो सायकली विकल्या, आणि त्यांना आतून पितळेनं धरलंय हे मला या बाईनं दाखवलं.

"आम्ही तांब्याला करतोय तसंच हे," ती म्हणाली. "मग माझ्या मापाची मलाच करायला येईल."

मी हसलो. म्हणालो, कारखान्याला जायला बस असताना एवढा खटाटोप कशाला? तेव्हा तिनं फ्रेमवरची नजर न काढता सांगितलं, "बसची पायरी उंच. कोणतरी मागनं काखेत हात घालून उचलून वर ठेवतंय. चांगल्या मनानंच करत्यात, खरं मला कोण विचारत न्हाई. चौतीस वर्षांच्या बाईला असं कोण उचलतंय का, अण्णा?"

भंगारातल्या दोन फ्रेमा मी तिच्या रिक्षात ठेवल्या.

तारिहाळच्या रस्त्याला मंजुनाथची गॅस वेल्डिंगची शेड आहे. नांगराचे फाळ, रिक्षाचे सायलेन्सर, जे येईल ते तो जोडतो. यमुनानं त्याच्याकडे दर रविवारी ज्योत मागितली. तिचा हात एकदा बघितल्यावर त्यानं पुन्हा लक्षच दिलं नाही, इतका तो हात सराईत होता. तीन रविवारांत तिनं नळ्या कापल्या, टोकं घासली, जुन्या बाह्या चढवल्या आणि टाकणखाराचा लेप लावून सांधे झाळले. मी बघायला गेलो. सांधे असे सुबक, की सोनारानं करावेत. आता मजबुती बघायला पाहिजे म्हणून आम्ही फ्रेम दोन विटांवर ठेवली आणि मी शहाणा तिच्या मधोमध उभा राहिलो.

कट् असा आवाज झाला आणि मी जमिनीवर आपटलो.

माझं कंबरडं मोडलं की काय, हे कुणी विचारलं नाही. यमुना तुटलेला सांधा डोळ्यांजवळ धरून बघत होती. तो वाकला नव्हता, ताणला नव्हता, पापडासारखा मोडला होता. मंजुनाथ आला, त्यानं सांध्यात वितळवायच्या धातूची शिल्लक कांडी उचलून बघितली.

"अक्का, ही कुठली?"

"आमच्यात वापरतात तसलीच. बाजारातनं आणली."

"अदे तप्पु! तिथंच चुकलं! हे तांब्याचं. ह्याच्यात फॉस्फरस असतंय. तांब्याला लई छान, लोखंडाला लावलं की सांधा काच होतंय. लोखंडाला पितळेची कांडी पायजे."

यमुना विटेवर बसली. तिचा चेहरा बघून मी माझं कंबरडं विसरलो. मग म्हणाली, "दिवसाला दोनशे सांधे. आठ वर्षं. हातातल्या कांडीत काय हाय ते कोण सांगितलं न्हाई म्हणावं, तर मी तरी कुठं विचारलं?" तिला तुटलेल्या फ्रेमपेक्षा याचा संताप आला होता.

त्या दिवसापासून तिची खरी शाळा सुरू झाली, आणि माझीही. कारण आता मला रविवारी घरी बसवेना. बायको म्हणायची, नोकरीत असता तर एवढ्या नेमानं गेला नसता.

तांबं भराभर सगळीकडे तापतं, पोलादाचं तसं नाही. ज्योत असेल तिथं ते लालबुंद होतं आणि चार बोटांवर थंड राहतं. यमुनाचा हात तांब्याच्या सवयीचा, त्यामुळे पहिले सांधे एका बाजूला जळले आणि दुसऱ्या बाजूला कोरडे राहिले. मंजुनाथनं सांगितलं, कांडी ज्योतीत धरायची नाही, तापलेल्या पोलादाला टेकवायची. पोलाद गाजराच्या रंगावर आलं की पितळ आपोआप विरघळतं आणि ज्योत सरकेल तिकडे आतून धावत जातं. हे ऐकून यमुनाचे डोळे चमकले. "धावतंय? खरंच धावतंय का बघू."

बघू म्हणजे कापू. केलेला प्रत्येक सांधा गार झाला की ती करवतीखाली घालायची. एकदा मी चिडलो.

"अगं, चांगला झालाय तो तरी ठेव!"

"चांगला झालाय हे कशावरनं?"

"दिसतोय की."

"तुम्ही पडला तो पण चांगलाच दिसत होता."

मंजुनाथ इतका हसला की त्याला ज्योत बंद करावी लागली. सगळे मिळून बारा सांधे तिनं कापले. पहिल्यांत पितळ बाहीच्या ओठाशीच अडकलेलं, मग अर्ध्यापर्यंत, आणि शेवटच्या पाचांत या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड पिवळी रेघ.

मग खऱ्या फ्रेमचा दिवस आला. दुकानाच्या फरशीवर आम्ही खडूनं तिच्या मापाची सायकल पूर्ण आकारात काढली होती. वीस इंची चाकं, खाली झुकलेली नळी, तिच्या हातांच्या पल्ल्यात हँडल. नळ्या कापून तयार होत्या. आणि यमुना ज्योत पेटवेना. तो रविवार गेला, पुढचाही गेला. मोडलेल्या सायकलीला घाबरली नाही ती बाई आता घाबरली होती.

"ही कापून बघता येणार न्हाई," ती म्हणाली. "आतलं कसं कळणार?"

"मी पंचवीस वर्षं आत न बघताच करतोय, अक्का," मंजुनाथ म्हणाला. तिचं त्यानं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

तिसऱ्या रविवारी ती येताना हातात धरायचा छोटा आरसा घेऊन आली. तो सांध्याखाली विटेला टेकवला. पितळ फक्त वरच्या ओठाशी द्यायचं, खालच्या ओठाला कांडी लावायचीच नाही. खाली आरशात पिवळं दिसलं, तर ते आतून सगळीकडे फिरूनच आलेलं असणार. तिनं पोलाद गाजरासारखं होऊ दिलं, कांडी टेकवली आणि ज्योत हळूहळू खाली आणली. आम्ही दोघं म्हातारे गुडघ्यांवर ओणवे होऊन आरशात डोळे घालून बसलो. काही नाही. काही नाही. मग काळ्या कडेवर एक पिवळा काठ उमटला आणि गोल फिरला.

"बंतु!" मंजुनाथ ओरडला. "आलं, आलं!" मी ओरडलो. यमुना ओरडली नाही. तिला अजून सात सांधे करायचे होते.

रंग तिनं स्वतः निवडला, कॉफीचा. पुढे मोठी टोपली, मागे कॅरियर. चाकं बसवण्याआधी फ्रेम विटांवर ठेवून या वेळी मंजुनाथ उभा राहिला, मी नाही. फ्रेम हलली नाही.

सोमवारी सकाळी पहिल्या पाळीला ती नवनगरातून निघाली आणि मी न सांगता स्कूटरवरून मागे गेलो. माझी नजर त्या पुढच्या सांध्यावरच होती. पहिला स्पीडब्रेकर आला तेव्हा तिच्याऐवजी मीच दात आवळले. सायकल उडी मारून पुढे गेली. दुसरा गेला, तिसरा गेला. तेवढ्यात मागून एक भाजीचा टेम्पो आला, हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हर वैतागला आणि खिडकीतून ओरडला, "अक्का, स्वल्प साईड तगोरी!" म्हणजे, ताई, जरा बाजूला घ्या.

आधी त्या गुलाबी सायकलीवर तिला बघून असेच लोक हसायचे, चिमुरडीला करतात तसे हात करायचे. हा हसला नाही. रस्त्यात आडव्या आलेल्या एका बाईवर चिडला आणि पुढे निघून गेला. यमुनानंही मान वळवून त्याला कानडीत चांगलंच सुनावलं.

मी स्कूटर कडेला घेतली. इतका आनंद मला पोराच्या लग्नातही झाला नसेल. हाक मारून तिला काहीतरी सांगावंसं वाटत होतं, पण पाळीला उशीर होत होता आणि ती थांबली नसती.