कपड्यांच्या तारेवरून मिरजेपर्यंत

आगाशे गेल्याची बातमी मला आमच्या जयपूरच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर वाचायला मिळाली. रसायनशास्त्राचे व्याख्याते श्रीधर आगाशे यांच्या आकस्मिक निधनामुळे दुपारचे वर्ग होणार नाहीत, असे तिथे हिंदीत लिहिले होते आणि ‘वर्ग होणार नाहीत’ या शब्दांखाली कोणीतरी शाईने जाड रेघ मारली होती. मी तसाच आदर्श नगरची बस पकडून त्यांच्या घरी गेलो. पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली. प्राचार्यांनी त्यांना ‘विज्ञानाच्या आकाशातला ध्रुवतारा’ म्हटले, संस्थेच्या अध्यक्षांनी ‘कर्मयोगी’ म्हटले, आणि दोघांनीही त्यांचे नाव ‘अगासी’ असे उच्चारले. आगाशे शेजारी असते तर कोपराने ढोसून म्हणाले असते, “ध्रुवतारा जागचा हलत नाही, तेवढं खरं आहे. बढती कुठे मिळाली मला?”

त्या सभेत ज्या गोष्टीचा कोणी उल्लेख केला नाही, ती त्यांची एरियल. आगाशे हौशी रेडिओवाले होते. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, घरी सेट बांधून जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलणारी एक जमात असते, तिच्यातले. मात्र जगाशी बोलण्यात त्यांना फारसा रस नव्हता. मिरजेला त्यांचे थोरले भाऊ होते, दादा. जीपच्या अपघातानंतर ते कमरेखाली लुळे पडले होते आणि पलंगाशेजारच्या टेबलावर त्यांचाही सेट होता. धाकट्या भावाला या नादाला त्यांनीच लावले होते. ट्रंक कॉल नोंदवावा तर तो लागेपर्यंत सांगायची गोष्ट शिळी व्हायची. म्हणून रोज सकाळी, कॉलेजला निघण्यापूर्वी, जयपूर आणि मिरज थोडा वेळ एकमेकांशी बोलत. काय बोलत, असे मी एकदा विचारले. “हवामान,” आगाशे म्हणाले. “आणि दादांनी आज कूस बदलली का, ते.”

या बोलण्याला जागा लागते, हे मला त्यांच्यामुळे कळले. त्यांच्या रेडिओलहरीला साठ-पासष्ट फूट लांब तार हवी, शक्य तितकी उंच आणि सरळ. आगाशे राहायचे घरमालक सक्सेनासाहेबांच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्या, एक बाल्कनी आणि अर्धी गच्ची. त्या अर्ध्या गच्चीची लांब बाजू तीस फूट भरत नव्हती, आणि तीत पाण्याची टाकी, उन्हाळ्यातल्या बाजा आणि आगाशेवहिनींचे पापड यांचा पूर्वापार हक्क होता. मी इतिहास शिकवतो. जागेपेक्षा मोठ्या महत्त्वाकांक्षेची उदाहरणे मला पुष्कळ ठाऊक आहेत, पण त्यातली कोणी फूटपट्टी घेऊन गच्ची मोजत नव्हती.

पहिली तार त्यांनी दिवाळीनंतर बांधली, सरळ, सक्सेनांच्या अर्ध्या गच्चीवरून शेजारच्या घराच्या जिन्यापर्यंत. दोन्हीकडे चहा पिऊन परवानगी घेतली होती. दादा म्हणाले, “श्री, शेजारच्या खोलीतून बोलतोयस असं वाटतं.” आगाशे महिनाभर खुशीत होते. जयपुरात सहा वर्षे काढूनही त्यांच्या लेखी संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि वहिनींचे हळदीकुंकू. इथे संक्रांतीला लोक आकाश वाटून घेतात. सकाळपासून सगळे शहर गच्चीवर चढते, आणि त्या वर्षी सक्सेनांचे नवे जावई खास पतंग उडवायला सासुरवाडीला आले होते. सोबत बरेलीचा मांजा, उंची फिरक्या, फिरकी धरायला दोन मेहुणे आणि कौतुक करायला साठेक माणसे. जावईबापूंचा पहिलाच पतंग दहा हात वर गेला आणि आगाशांच्या तारेत अडकला. दुसराही अडकला. तिसऱ्याच्या वेळी पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडले, “वो काटा! मास्टरजी ने काटा!” आणि सगळी गल्ली हसली. मी तिथे तिळगूळ द्यायला गेलो होतो. सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून वडी परत डब्यात ठेवली.

संध्याकाळी सक्सेनासाहेब वर आले. आवाज चढवला नाही. “आगाशेजी, तार या मकान. दोनों में से एक रख लीजिए.”

तार उतरली. नंतरचे दिवस वाईट गेले. ऐकायला हातभर तारही पुरते, ती खिडकीला लोंबत होतीच. बोलायला जागा लागते. त्यामुळे रोज सकाळी दादांची हाक खोलीत स्पष्ट ऐकू यायची, “श्री, ऐकतोयस का?” आणि आगाशे समोर बसून ऐकायचे. उत्तर देता येत नव्हते. पत्र टाकले होते, पण ते पोचेपर्यंत तिकडे पलंगावरचा माणूस काय काय समजला असेल... मी एकदा त्या वेळी गेलो होतो. दादा पुन्हा पुन्हा बोलवत राहिले, मग “बरं, उद्या” म्हणाले. आगाशे उठले, आणि मोजे शोधायला लागले.

मग प्रयोग सुरू झाले. आधी बाल्कनीत एक उभा बांबू आणि त्याच्या मुळाशी गच्चीभर पसरलेल्या तारा. उभ्या एरियलला जमीन लागते म्हणे, आणि वरच्या मजल्यावर ती अशी अंथरावी लागते. त्या तारांत पाय अडकून वहिनी पापडांसकट पडता पडता वाचल्या. मग तांब्याच्या नळीचे एक मोठे कडे झोपायच्या खोलीत आले. त्याचे लहान जागेत भागते, पण ते फार नाजूक. लहर केसभर सरकली तरी ते पुन्हा जुळवावे लागे, आणि मिरजेपर्यंत पोचे ते निम्मेच. त्यांची मुलगी मीनू म्हणाली, “बाबा, मतलब यातून आता वाघ उडी मारणार का?” याच सुमारास वैशाली नगरात एका बंगलेवाल्या सद्गृहस्थांनी याच छंदापायी लोखंडी मनोरा उभारला, फीत कापली, पेढे वाटले. आम्ही दोघे गेलो होतो. यजमान थेट ब्राझीलशी बोलले. माझा आवाज कसा येतो, असे त्यांनी विचारले, उत्तम येतो असे ब्राझीलने सांगितले, आणि संभाषण संपले. परतताना मी आगाशांना म्हटले, “तुम्हाला हेवा वाटला असेल.” ते म्हणाले, “उंचीचा वाटला.”

तोडगा निघाला तो भांडणातून. एका रविवारी बांबू, कडे आणि तारा यांच्यामधून धुण्याची बादली नेताना नलिनीवहिनींचा धीर सुटला. “अहो, एवढी तार हवी तर माझी कपड्यांची दोरी घ्या एकदाची! लोळत पडा तिच्यावर!” आगाशे त्यांच्याकडे पाहतच राहिले. वहिनींना वाटले, आपण जास्त बोललो. तोवर ते मोजपट्टी आणायला गेले होते.

सरळ तार मावत नाही, तर ती वळवायची. बाल्कनीपासून निघून कठड्याच्या तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीच्या खांबांवरून फिरणारी, दोन्ही टोके आत दुमडलेली तांब्याची तार त्यांनी बांधली, आणि वर चिमटे लावून दिले. पुस्तकात अशी एरियल भिकार समजली जाते, हे त्यांनीच मला सांगितले. सक्सेनासाहेब पाहणीला आले. तारेवर दोन परकर आणि एक बनियन पाहून समाधानाने म्हणाले, “हां, अब ठीक है. कपड़े तो सबके सूखते हैं.” दुसऱ्या दिवशी मिरज लागले. आवाज पूर्वीसारखा शेजारच्या खोलीतला नव्हता, पलीकडच्या आळीतला होता. पण होता.

एक गोष्ट मात्र पुस्तकात नव्हती. काही दिवसांनी दादा म्हणाले, “श्री, आज विहिरीत उतरून बोलतोयस का?” आगाशांनी सेट उघडून पाहिला, सगळ्या गाठी तपासल्या, आणि अखेर बाहेर येऊन पाहिले, तर तारेवर ओली सोलापुरी चादर होती. शिवाय बोलणे चालू असताना तारेच्या टोकाला हात लागला तर बोट भाजते. म्हणून त्यांनी गच्चीच्या दारावर एक लाल दिवा लावला. बोलायचे बटण दाबले की तो लागे. सकाळचे बोलणे संपून दिवा विझला की धुणे वाळत पडायचे. वहिनींनी हा नियम कुरकुरत मान्य केला आणि काटेकोरपणे पाळला. बादली कमरेवर घेऊन त्या दारात उभ्या असायच्या, दिवा बघत. “लोकांच्या घरी दोरी असते,” मीनू म्हणायची, “आमच्याकडे रेल्वे फाटक आहे.”

परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. सेटचे काय करायचे, ते विचारायचे होते. दादांना तारेने कळवले गेले, तार दुपारी पोचली, एवढेच मला माहीत होते. आगाशे गेले त्या सकाळचे वहिनींनी परवा प्रथमच सांगितले. सेट तापायला ठेवून आगाशे खुर्चीत बसले होते, ते तिथेच गेले. मीनू खाली सक्सेनांची गाडी काढायला सांगायला धावली, आणि तेवढ्यात दादांची हाक सुरू झाली.

“भाऊजी, बटण कुठलं ते मला ठाऊक होतं. इतकी वर्षं बघत होते. दाबलं. बोलायला मात्र जमेना. मी नुसतं दाबून धरलं. न बोलता दाबलं तरी तिकडची खरखर बंद होते. मग सोडलं. दादा म्हणाले, ‘नलू का?’ मी परत दाबलं. ते म्हणाले, ‘कळलं मला. कळलं.’”

परवाना नसताना प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. त्याची शिक्षा काय, ते मला ठाऊक नाही. आगाशांना ठाऊक होती.

मी सेटबद्दल काही विचारले नाही. वहिनी बादली घेऊन गच्चीच्या दाराशी गेल्या. तिथे थांबून त्यांनी वर दिव्याकडे पाहिले. तो लागलेला नव्हता. तरी त्या जरा वेळ उभ्या राहिल्या, बोलणे संपायला लागतो तेवढा. मग बाहेर जाऊन त्यांनी चादर झटकली आणि तारेवर टाकली.