भांग लागला

सोलापुरात माझ्या बाबांचं नाव राखलं ते आमच्या शेजारच्या अक्कांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल, ही बाई उपकार विसरली. विसरले नाही. पण दोन वर्षं मी त्यांच्यावर जळत होते, हेही खरं आहे.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडावर. बाबा मासेमारी करायचे. सातवीपर्यंतची शाळा गावात होती, हायस्कूल खाडीपलीकडे, होडीनं जायचं. आठवीत नाव घालायला आई मला घेऊन धक्क्यावर गेली. जून महिना. पाण्याचा रंग बघून तिनं माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो. माझी शाळा तिथेच संपली.

लग्नानंतर नवऱ्याच्या मिलमधल्या नोकरीपायी सोलापूरला आले. दुष्काळ सरून वर्षच झालं होतं. नळाला पाणी आलं की बायका अजून हातातलं टाकून धावायच्या. मला सतत धास्ती असायची: आपली भाषा चुकेल, आपल्या घरातून वास जाईल. आईनं दिलेली सुकट मी डब्यात घालून, वर फडकं बांधून, तो डबा पिंपात ठेवला होता. आमच्या बाजूची सगळी घरं शाकाहारी.

अक्कांच्या नवऱ्याचं नव्या पेठेत कापडाचं दुकान होतं. घरात कानडी, बाहेर मराठी. मला त्या ‘तंगी’ म्हणायच्या. पहिले आठ दिवस मी मनातून खचले, आमच्या घरची तंगी हिला कशी कळली म्हणून. मग समजलं की कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात.

अक्का मॅट्रिक झालेल्या. वाचनालयातून पुस्तकं आणायच्या आणि दुपारी ओट्यावर बसून गल्लीतल्या बायकांना त्यातलं सांगायच्या. त्यांचा आवडता विषय समुद्र. अगस्तीनं तो कसा पिऊन टाकला, जलदुर्गाच्या पायात शिसं कसं ओतलं, चंद्र पाणी कसं ओढून घेतो. सिद्धेश्वराच्या तळ्यापलीकडे पाणी न पाहिलेल्या बायका तोंड उघडं टाकून ऐकायच्या. अक्कांनीही समुद्र पाहिला नव्हता! माझ्या शाळेच्या आड आलेल्या त्या पाण्यावर ही बाई परीक्षेत मार्क मिळवून बसली होती. तिच्या समुद्रातून अमृत निघायचं, माझ्या समुद्रातून सुकट. मला विचारत कोण होतं?

एका दुपारी अक्का म्हणाल्या, “कोळी लोक बाराही महिने, रोज समुद्रावर असतात.”

मला राहवलं नाही. “रोज कुठे? भांग लागला की आमचे बाबा तीन-चार दिवस घरीच. जाळं घेऊन ओटीवर बसायचे, हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत.”

समोरच्या मावशी विड्या वळत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

“आगं बया! तुजा बा भांग पितो व्हय?”

“पीत नाहीत हो. लागतो—”

“लागतीया म्हनूनच पित्यात की सगळी! आन् ‘लागला’ काय गं? लागली म्हन. कोकनातली भांग बी गडीमानूस हाय जनू!”

सगळ्या हसल्या. भांग म्हणजे काय हे मला कधी कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. “अष्टमीच्या सुमाराला असतो,” एवढंच मी कसंबसं बोलले.

“बगा! तिथी पाळून पितो!”

अक्का हसल्या नाहीत. पण काही बोलल्याही नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

दोन दिवसांत नळावर मी ‘भांगवाल्याची लेक’ झाले. एरवी सोसलं असतं. पण बाबांचं पत्र आलं होतं, पंधरा दिवसांनी ते मला भेटायला येणार होते. लग्नानंतर पहिल्यांदा. या गल्लीतून ते मान खाली घालून चालत येणार आणि नळावरच्या बायका एकमेकींना खुणावणार, हे डोळ्यांपुढून हलेना. नवरा म्हणाला, “लक्ष देऊ नकोस.” मी अंतर्देशीय पत्र आणलं आणि त्यावर लिहिलं, बाबा, इतक्यात येऊ नका. टाकायचं धाडस होईना. दोन दिवस ते पोळपाटाखाली पडून होतं.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. त्यांच्या हातात मुलाचं भूगोलाचं पुस्तक होतं. पानावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “अष्टमीच्या सुमाराला चंद्र आणि सूर्य काटकोनात येतात. तेव्हा भरती फार चढत नाही, पाण्याला जोर राहत नाही. तिला म्हणतात भांगाची भरती. भांगाची. भांगेची नव्हे.”

मग पुस्तक मिटून मावशींकडे वळल्या. “तुम्ही हसलात तेव्हा मीही मनात तेच धरलं होतं, मावशी. पण ही ‘लागला’ म्हणाली होती. माहेरच्या शब्दात कोण चुकतं? म्हणून शोधलं.”

“मग आसं सरळ सांगायचं की गं, पानी थंडावतं म्हनून!” मावशी माझ्यावरच उखडल्या. मग हळूच म्हणाल्या, “बाला सांगू नगंस हां, पोरी.”

त्यानंतर नळावर ते नाव पुन्हा ऐकू आलं नाही. मी पत्र फाडलं. अक्कांच्या पाया पडायला हवं होतं, पण आतून आणखीच जळले. ज्या शब्दात मी वाढले तो खरा ठरायला हिचं पुस्तक लागलं!

बाबा आले. नारळ आणि आमसुलं घेऊन, मासळी नाही. मी तसं कळवलं होतं. अक्कांनी त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला आणि विचारलं, “काका, भांगात जाळं का टाकत नाहीत?”

आईला दोन शब्दांत उत्तर देणारे माझे बाबा दिवस कलेपर्यंत बोलत राहिले. मावशींच्या सुपातली पानं घेऊन त्यांनी फरशीवर खाडी मांडली, होडी मांडली, पाण्याची ओढ कुठून कुठे जाते ते बोटानं दाखवलं. “ओढीनं जाळं फुगतं, बाई. ओढ नसली की ओल्या लुगड्यासारखं तळाला बसतं.” मी दारात उभी राहून हे पहिल्यांदाच ऐकत होते.

रात्री वाढताना मी बाबांना म्हणाले, “मला कधी सांगितलं नाहीत हे.”

“तू कधी विचारलंस?” बाबा म्हणाले आणि जेवत राहिले.

बाबा परत गेले त्या दिवशी अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. “तंगी, एक गोष्ट मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. समुद्राचा वास कसा असतो गं?”

तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती. पुस्तकात नाही, बाबांनीही बोलताना दिली नाही. मी म्हणाले, “कसला वास? पाण्याला वास असतो का?”

“असेल तसं,” अक्का म्हणाल्या. माझ्या एका शब्दासाठी पुस्तकं धुंडाळणाऱ्या बाईनं हे मात्र जसंच्या तसं मानलं.

याला तीन वर्षं झाली. अक्का अजून ओट्यावर समुद्र सांगतात, आता मलाही बोलायला लावतात. आणि नव्या कुणी बाईनं विचारलं की ठासून सांगतात, “समुद्राला वास नसतो. आमच्या तंगीनं सांगितलंय.” मी खाली बघते.

अक्का, मी आईला कळवलं आहे. तुमच्यासाठी नवी भांडी, निराळी चूल, आणि तुम्ही असाल तेवढे दिवस घरात मासळी नाही. एक दिवस मी तुम्हाला एसटीच्या खिडकीशी बसवून आमच्या गावी नेणार. घाट उतरल्यावर, पाणी दिसायच्या कितीतरी आधी, तो वास येतो. तेव्हा मी काही बोलणार नाही. तुम्ही माझ्याकडे वळून बघाल, आणि मी खोटं बोलले होते हे तुमचं तुम्हालाच कळेल. मग काय बोलायचं ते बोला, पण तिथपर्यंत मी तुम्हाला नेणारच.