तुरीच्या कोठीतला आवाज

माझ्या डाव्या कानात आवाज येतो. बारीक, सरळ, कुठेही न तुटणारा. दुपारी गल्ली सामसूम झाली की त्याच्याशिवाय दुसरं काही उरत नाही. अकोल्याच्या जिनिंगमध्ये मी आणि माझी मोठी जाऊ वर्षानुवर्षं कापूस निवडायला जात होतो. तिथल्या यंत्रांनी कान खाल्ला, असं डॉक्टर म्हणाला. जावेला ते पटलं नाही.

"मी बी तिथंच होती ना? मले काऊन नाई येत? सोंगं करतं तू."

आम्ही दोघी विधवा, एकाच घरात. तिचा मुलगा धामणगावला. भांडण झालं की तिकडे निघून जायची धमकी द्यायची. ती खरंच गेली तर मला त्या आवाजासोबत एकटीला राहावं लागेल, ही माझी भीती होती. तिला कधी बोलून दाखवली नाही.

शेवटी अमरावतीला कान तपासणाऱ्या एका पोरीकडे गेले. तिने माझ्याच मोबाइलमध्ये एकेक स्वर वाजवून पाहिले. हा का? नाही, अजून बारीक. असं चालता चालता मी दचकले. माझ्या डोक्यातला आवाज समोर टेबलावरून येत होता. माझा कोणता आणि मोबाइलचा कोणता, ते मला सांगता येईना.

"हा फक्त ओळखायला, आजी," ती म्हणाली. "ऐकायचा तो दुसरा." तो दुसरा आवाज म्हणजे ज्वारीच्या शेतातून वारा जावा तशी सळसळ. "तुमच्या आवाजापेक्षा हळू ठेवा. त्याला बुडवायचं नाही. दोन्ही सोबत ऐकायचे, म्हणजे मन हळूहळू तुमच्या आवाजाकडे लक्ष देणं सोडतं."

"जाईल का तो?"

"बहुतेक नाही. त्रास कमी होईल."

खोटं बोलली नाही, म्हणून मी तिचं ऐकायचं ठरवलं.

घरी आल्यावर जावेचं तोंड बंद करायला मी तो ओळखायचा स्वर वाजवला. ती उभी होती, ती खाली बसली.

"हे तुह्या डोक्यात हाये?"

"हो."

"मंग यात कसं आलं?"

मी समजावलं. तिने काही ऐकलं नाही. तिच्या लेखी ते माझ्यातून निघून मोबाइलमध्ये शिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून परतले तर घरभर मिरच्यांचा ठसका. गॅसजवळ मीठ-मोहरी सांडलेली. मोबाइल जागेवर नव्हता. जाऊ दारात बसली होती, बाजूला तिची पिशवी भरलेली.

"मोबाइल कुठं हाये, बाई?"

तिने कोठीकडे बोट दाखवलं. मोबाइलची दृष्ट काढताना बोट लागून तो स्वर सुरू झाला होता. बंद करता आला नाही म्हणून तिने मोबाइलच लाल फडक्यात बांधून तुरीच्या कोठीत पुरला आणि झाकणावर वरवंटा ठेवला.

तूर वाजत होती. मी कोठीजवळ गेले की आवाज वाढायचा, मागे सरले की कमी व्हायचा, पण संपायचा नाही. मी भित्री नाही. तरी त्या वेळी झाकण उघडायला हात धजेना.

मग कोपरापर्यंत हात घातला, फडकं ओढून काढलं आणि मोबाइलच बंद केला.

"बंद कर ना वं थे," जाऊ दारातून म्हणाली.

"केला."

"काय केला? वाजूनच राह्यला. थे घरात राह्यते तर मी जातो धामणगावले."

मी मोबाइल तिच्या समोर धरला. काच काळी. तिने तो हातात घेतला, उलटा केला, माझ्या मांडीवर टाकला आणि दोन्ही हातांनी कान गच्च दाबले. तिचं तोंड पांढरं पडलं. का पडलं ते मला ठाऊक होतं.

"हात काढा, बाई," मी म्हणाले. "झाकलं की तो वाढते."

तिने एक हात काढला, मग दुसरा.

"धामणगावले बी येईन का हा?"

"येईन."

गाडीची वेळ निघून गेली तरी ती उठली नाही. मी मोबाइल पुन्हा सुरू केला, ती ज्वारीची सळसळ हळू लावली आणि दोघींच्या मधे ठेवली.