दुसऱ्याने उतरायचं नाही

आमचे हे नेव्हीतून सुट्टीवर आले की घराची बराक व्हायची. चुलीजवळ रॉकेलचा डबा दिसला की उचलून परड्यात. रहाटाचा दोर जरा विरलेला दिसला की कापलाच, मग नवा येईपर्यंत आम्ही शेजारून पाणी आणायचं. जावई येतो आणि डोक्यावर मिऱ्या वाटतो, असं माझी आई म्हणायची. पण ते माझ्या कानाशी. त्यांच्यासमोर ती पदर सावरून हसायची आणि ताटात आणखी एक वडा टाकायची.

गोव्यात अजून पोर्तुगीज होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. पहिल्या बाळंतपणासाठी मी मालवणला माहेरी आले होते, सातवा सरत आला होता. पोटुशीने तिन्हीसांजेला बाहेर पडू नये, रहाटाला हात लावू नये, आणि गलबताच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये. ओटा ते मागचं दार, एवढंच माझं जग. मी आधीच तापट, त्यात असं कोंडून घातलेलं. कुणी नुसतं ‘कशी आसस गो’ म्हणालं तरी खेकसायचे.

बाबांचं गलबत होतं. कौलं न्यायची, सुकी मासळी न्यायची, वेंगुर्ल्यापासून मुंबईपर्यंत. पावसाळ्यात ते ओढून घरामागच्या मांगरात, माडाच्या झापांनी शाकारलेल्या खोपीत, ठेवलेलं असायचं, पोटातल्या कोठीचं तोंड फळ्यांनी बंद करून. बाबा तांडेल, गलबत त्यांच्या हुकमावर चालायचं. माझा धाकटा भाऊ तेव्हा विशीचा, त्यांच्याबरोबरच जायचा.

हेही तेव्हा सुट्टीवर तिथेच आले होते, दोन घटका स्वस्थ बसवत नसे त्यांना. एका दुपारी भावाला ओट्यावर पालथा झोपवला, त्याचे हात दुमडून कपाळाखाली ठेवले, आणि डोक्याशी गुडघे टेकून बसले. पाठ दाबायची, मग कोपरं धरून वर उचलायची, पुन्हा दाबायची. थांबलेला श्वास असा परत आणतात म्हणे. भाऊ गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता. ह्यांनी त्याला उठवलं, स्वतः पालथे झोपले आणि बरोबर जमेपर्यंत त्याच्याकडून करवून घेतलं. आम्ही बायका दारातून बघत फिदीफिदी हसत होतो.

त्यानंतर दुसरा धडा. जहाजात टाक्या असतात, बंद कोठ्या असतात. तिथली हवा मरून जाते. आत दिवा विझला तर माणूसही टिकत नाही. एक पडला म्हणून दुसरा धावतो, त्याच्यामागून तिसरा, आणि सगळे तिथेच राहतात. म्हणून एक पडला तर दुसऱ्याने उतरायचं नाही. हवेची नळी आणि तोंडाला मुखवटा आल्याशिवाय सख्खा भाऊ असला तरी नाही.

“मग पडलेल्यान काय करूचा? मराचा?” मी दारातूनच विचारलं.

ते शांतपणे म्हणाले, एक जातो की दोन, एवढंच आपल्या हातात असतं. मला असा राग आला! सरकार पगार देतं की काळीज काढून घेतं, असं काहीतरी बोलून मी आत निघून गेले. रात्री जेवायलाही वाढलं नाही, आईने वाढलं.

नारळी पौर्णिमा जवळ आली तसा गलबत उघडायचा दिवस ठरला. आमच्या घरची रीत अशी, की फळ्या काढल्या की आधी दोरीला बांधून दिवा खाली सोडायचा. तो डोलकाठीच्या बुडाशी टेकला की मग माणसांनी उतरायचं. मी मागच्या दारात उभी होते. फळ्या काढल्या तसा कुजक्या अंड्यासारखा वास तिथपर्यंत आला. तळाला पाणी साचलेलं, त्यात गेल्या खेपेची मासळी सडलेली. दिवा सोडला, तो अर्ध्यावर विझला. वर घेऊन पुन्हा पेटवला, पुन्हा विझला.

मग काय, सगळ्यांचे चेहरे उतरले. एका म्हाताऱ्या खलाशाने देवाला गाऱ्हाणं घातलं, बाकीच्यांनी होय म्हाराजा केलं. कुठे चुकलं, कुणाची नजर लागली, याची चर्चा सुरू झाली. दोघातिघांनी माझ्याकडे बघितलं तेही मी पाहिलं. हे बाजूला उभे होते. सासऱ्याच्या दारी जावयाने चार माणसांत तोंड उघडायचं नसतं, तरी म्हणाले, की खाली हवा खराब आहे, आज कुणी उतरू नये. बाबा त्यांना नावाने हाक मारत नसत, अरेतुरे तर कधीच नाही. त्याच अदबीने म्हणाले, “जावयबापू, ह्या सरकारी जहाज न्हय.” आणि काड्यापेटी कनवटीला खोचून, दिवा स्वतःच ठेवायला शिडीने खाली गेले.

काडी ओढल्याचा आवाज आला. मग धप्प झालं.

भाऊ ओरडतच उठला. ह्यांनी त्याला कमरेतून धरून फळ्यांवर आडवा केला आणि छातीवर गुडघा रोवला. तो चावला, लाथा झाडल्या. माझं मला भान राहिलं नाही. मी मागच्या दारातून उतरले, मांगरात गेले, सातव्या महिन्याचं पोट घेऊन गलबताला लावलेली शिडी चढले. कुणी अडवलं नाही. मी ह्यांच्या पाठीत बुक्के मारत होते. “सोडा तेका! माझो बापूस मरता थंय!”

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिडाचं कापड आणवलं, चौघांना ते धरून कोठीच्या तोंडातून खाली वारा घालायला लावलं. समुद्राकडचे झाप उचकटायला सांगितले. स्वतःच्या काखेतून दोर बांधला, दुसरा दोर हातात घेतला. मुखवटा नव्हता, नळी नव्हती. मग भावाला उठवून आपल्या दोराचं टोक त्याच्याच हातात दिलं.

“मी पडलंय तर ओढा. पण कोणीव खाली उतराचा नाय.”

छाती भरून श्वास घेतला आणि गेले.

बाबांना बांधायला नेलेला दुसरा दोर हलला. माणसांनी ओढला, बाबा वर आले, मान लटकलेली, ओठ काळे. भावाने ह्यांचा दोर म्हाताऱ्या खलाशाकडे दिला, बाबांना पालथं केलं आणि पाठ दाबायला लागला. ओट्यावर शिकला होता तसंच. हसत नव्हता.

म्हाताऱ्याने दोर ओढला. येईना. खाली कुठल्यातरी वाशात अडकला होता. त्याने हाक मारली. उत्तर नाही.

भावाचे हात थांबले. “भावजी थंय पडलेत गो,” असं म्हणून तो उठायला लागला.

मी त्याचा खांदा दोन्ही हातांनी खाली दाबला. हे मी केलं. माझा नवरा खाली पडलेला, पोटात त्याचं मूल, आणि मी बोलले, “हललस तर बाबा जातले. तुझा काम हंय आसा. कोण उतराचा नाय.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणी परकी बाई आहे. मग त्याने पुन्हा पाठ दाबायला घेतली. मी तशीच त्याच्या आणि त्या भोकाच्या मधे बसून राहिले. पोटात मूल फिरत होतं. मनात मी सगळ्यांना शिव्या घालत होते. देवाला, नेव्हीला, बाबांना, सगळ्यात जास्त ह्यांना. दुसऱ्याने उतरायचं नाही म्हणे! आणि मग हा कोण उतरला?

म्हाताऱ्याने दोर सैल सोडला, पलीकडच्या अंगाला गेला, तिकडून हिसका दिला. सुटला. सगळ्यांनी मिळून ओढलं. हे वर आले तेव्हा तोंड राखेसारखं झालं होतं. झाप उचकटलेल्या बाजूला त्यांना ठेवलं, तिथे खारा वारा येत होता. तिकडे बाबा खोकले, ओकले, आणि आईने मांगराच्या दारात जमिनीवर बसून हंबरडा फोडला.

थोड्या वेळाने ह्यांनी आपणहून मोठा श्वास घेतला. मग आणखी एक. डोळे उघडले, मला ओळखायला वेळ लागला.

“माझ्यामागसून कोण उतारलो?”

“कोण नाय. मिया उतराक दिलंय नाय.”

“बरा केलंस,” ते म्हणाले.

लग्नाला चार वर्षं झाली होती, चार माणसांत मी त्यांच्याशी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी सगळ्या वाडीसमोर मी त्यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत सुटले. आईने येऊन मला ओढून बाजूला केलं. सगळ्यांना वाटलं, पोर घाबरली. घाबरले नव्हते मी. एकदा, एकदाच त्यांनी मला विचारायला हवं होतं, की गो, माका वर काढूक कोण कसो इलो नाय?